जागा भरपूर, कॉलेज एकच

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की शिक्षण खाते एक आश्वासन देते. अकरावीला पुरेशा जागा आहेत, पालकांनी काळजी करू नये. काळजी करू नका असे सरकारने सांगितले की मराठी माणूस आधी काळजी करायला बसतो आणि कशाची करायची ते मागाहून शोधतो. गंमत अशी की या एका बाबतीत खाते अगदी खरे बोलत असते.

2025 चाच हिशोब घ्या. 13 मे रोजी दहावीचा निकाल लागला, 94.10 टक्के. राज्यात साडेचौदा लाखांहून अधिक मुले पास झाली. अकरावीच्या जागा होत्या 21 लाखांच्या वर. पास झालेल्या सगळ्यांनी अकरावीला जायचे ठरवले, एकानेही आयटीआय किंवा डिप्लोमाकडे ढुंकून पाहिले नाही, तरी सहा लाखांवर बाक रिकामे राहणार. सीबीएसई आणि आयसीएसईची मुले आणून बसवली तरी मागचे बाक मोकळेच. नियोजन म्हणावे तर याला. इतकी ऐसपैस सोय या राज्यात दुसरी कशाचीही नसेल; लोकलमध्ये नाही, सरकारी दवाखान्यात नाही, स्मशानातसुद्धा थोडे थांबावे लागते.

तरीही मे-जून महिन्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात दहावीचे मूल असलेल्या घरी पाहुण्याने जाऊ नये. गेल्यास अकरावीचा विषय काढू नये. आणि "आमच्या बंटीला मात्र पहिल्याच लिस्टमध्ये लागलं बरं का" हे वाक्य तर चहा पिऊन झाल्याशिवाय मुळीच उच्चारू नये.

डोंबिवलीतले एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. मुलीला 91.4 टक्के. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एवढ्या मार्कांवर सोसायटीने फलक लावला असता, नगरसेवक शाल घेऊन आले असते. आता आजी सोडून कोणी नीट खूश नाही. बाबांच्या मांडीवर लॅपटॉप, त्यात गेल्या तीन वर्षांच्या कट-ऑफचा तक्ता, पिवळा, हिरवा, लाल रंग भरून तयार. मामा फोनवर आहे, कारण मामाच्या मुलाचा प्रवेश गेल्या वर्षी झाला आणि त्या एका अनुभवावर तो आता तज्ज्ञ आहे.

"भावजी, पहिल्या नंबरला मोठं नाव टाका. लागलं तर लागलं."

"अरे, पण पहिला नंबर लागला तर घ्यावाच लागतो म्हणतात."

"मग दुसऱ्याला टाका."

"दुसऱ्याला टाकलं आणि पहिलं लागलं तर?"

इथे मामाकडची रेंज जाते.

मुलगी म्हणते, "बाबा, इथलं कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर आहे, ते टाकूया ना." बाबा तिच्याकडे असे बघतात की जणू तिने शिक्षणच सोडायची परवानगी मागितली. आई स्वयंपाकघरातून विचारते, "कुठलं गं? ते पेट्रोल पंपाच्या मागचं? तिथे कोण जातं?" तिथे कोण जाते हा प्रश्न रास्त आहे. कोणीच जात नाही, म्हणून तर खात्याकडे जागा शिल्लक असते.

खात्याच्या आणि घरच्या गणितातला फरक हा असा. खाते बाक मोजते, पालक नावे मोजतात. खात्याच्या लेखी बाक म्हणजे बाक, मग तो माटुंग्याला असो की टिटवाळ्याला. पालकांच्या लेखी अख्ख्या मुंबईत कॉलेजे दहा-बाराच. बाकीच्या इमारतींवर कॉलेजची पाटी आहे इतकेच. त्या दहा-बारांमध्येही आपल्याला हव्या त्या शाखेची, परवडेल त्या फीची आणि हातातल्या मार्कांत बसेल अशी म्हटले की यादी बोटांवर येते. मग एकवीस लाख जागांचा आकडा ऐकून दिलासा मिळत नाही, उलट राग येतो.

आता ही नावे आहेत कुठे, ते पाहण्यासारखे आहे. मुंबईची जुनी कॉलेजे जिथे वस्ती होती तिथे उभी राहिली, आणि मग वस्तीने मुक्काम हलवला. विल्सन 1832 चे, चौपाटीसमोर. झेवियर्स 1869 चे, धोबीतलावला. दादर-माटुंगा ही नवी वसाहत झाली तेव्हा रुईया आणि खालसा 1937 मध्ये आली, पोदार 1941 मध्ये, रुपारेल 1952 मध्ये, कीर्ती 1954 मध्ये. ही माटुंगा-दादरची मंडळी एका छोट्याशा टापूत एकमेकांच्या शेजारी नांदताहेत. त्या काळी ते नियोजन अचूकच होते. मुले तिथेच राहत होती.

पुढे मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली आणि त्यांना परवडणारी घरे कल्याण, बदलापूर, वसई, विरारला मिळाली. जनगणनेत हे अगदी ठळक दिसते. 2001 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवर होती, 2011 मध्ये ती 31 लाखांच्या आत आली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. माणसे सरकली, कॉलेजे जागच्या जागी राहिली. कॉलेजने तरी काय करावे? जिन्याचे लाकडी कठडे, कॅन्टीनचा वडा आणि नव्वद वर्षांची पुण्याई बदलापूरला हलवता येत नाही. नवी कॉलेजे उपनगरात आली आणि काहींनी चांगले नावही मिळवले. मुलुंडच्या केळकर-वझेला 1984 मध्ये सुरू होऊनही आज बाहेरगावचा पालक आदराने विचारतो. पण नाव मिळवायला तीसेक वर्षे लागतात आणि पालकाला मुलाचा प्रवेश याच जुलैत हवा असतो.

म्हणून डोंबिवलीच्या मुलीने माटुंग्याला जायचे असे ठरते. डोंबिवलीहून सुटणारी फास्ट लोकल माटुंग्याला थांबत नाही ही बाब नियोजनाच्या कुठल्याही बैठकीत निघत नसावी. सोळा वर्षांच्या मुलीने सकाळी स्लोने जायचे की फास्टने दादर गाठून उलटे यायचे, यावर त्या घरात जेवढी चर्चा होते तेवढी विषय कुठले घ्यायचे यावर होत नाही.

अकरावी हे दुखणे महाराष्ट्राने तसे स्वतःच ओढवून घेतले. पूर्वी अकरावी हे शाळेचे शेवटचे वर्ष होते. मॅट्रिक झालेला माणूस अकरावीच झालेला असे, आणि तेवढ्यावर त्याला सरकारी नोकरी, बायको आणि चाळीत खोली मिळत असे. कोठारी आयोगाने 10+2+3 ची शिफारस केली, महाराष्ट्राने ती सत्तरच्या दशकात अमलात आणली आणि मधल्या दोन वर्षांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. देशात बऱ्याच ठिकाणी ती दोन वर्षे शाळेतच राहिली. दहावीतून अकरावीत जाताना तिथल्या मुलाला फार तर वर्ग बदलावा लागतो. आपण ती दोन वर्षे बरीचशी कॉलेजच्या आवारात नेऊन त्यांना 'ज्युनियर कॉलेज' असे ऐटदार नाव दिले. गणवेश सुटला, मुलांना अतोनात आनंद झाला, आणि तेव्हापासून दरवर्षी लाखो मुले एकाच वेळी जुन्या घरातून बाहेर पडून नव्या घराची बेल वाजवत उभी राहतात.

2009 पर्यंत ही बेल प्रत्यक्ष जाऊन वाजवावी लागे. पाच कॉलेजांतून पाच फॉर्म विकत घ्यायचे, ते पाच रांगांत उभे राहून भरायचे, मग पाच फलकांवर पाच याद्या पाहायच्या. बाप रजा टाकून एका रांगेत, आई दुसऱ्या, काका तिसऱ्या. मुलगा मात्र मित्रांबरोबर, कारण कॉलेज त्याला लागायचे होते. त्या वर्षी मुंबई परिसरात ऑनलाईन प्रवेश आले, नंतर पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशी त्यांची यात्रा निघाली आणि 2025 मध्ये ते सबंध राज्याला लागू झाले. रांगेतली धक्काबुक्की संपली हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. आता एखाद्या कॉलेजात कमी मार्कांवर कोणी मागच्या दाराने घुसला अशी शंका आली तर निदान यादी तरी समोर असते.

राज्यभर प्रवेश सुरू व्हायचा मुहूर्त 21 मे 2025, सकाळी 11 चा होता. आदल्या दोन दिवसांत सरावाची सोय करून दिली होती. सराव छान झाला. खरा दिवस उजाडला आणि संकेतस्थळाने मान टाकली. मग 26 मेचा नवा मुहूर्त निघाला. पहिली यादी 10 जूनला लागायची, ती जूनच्या अखेरीला गेली. यावर पालकांनी फार आरडाओरडा केला नाही, कारण 2021 मध्ये दहावीच्या निकालाच्या दिवशीच निकालाचे संकेतस्थळ बसले होते आणि त्या वर्षी तर परीक्षाही झाली नव्हती.

राज्यभर म्हणजे खरोखरच राज्यभर. ज्या तालुक्यात एकच कनिष्ठ महाविद्यालय आहे तिथल्या मुलानेही आता पोर्टलवर नोंदणी करायची, भाग एक भरायचा, कागदपत्रे चढवायची, भाग दोनमध्ये पसंतीक्रम द्यायचा. नियमाप्रमाणे कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजे टाकता येतात. त्याच्या दृष्टीने कमीत कमी आणि जास्तीत जास्त एकच. म्हणजे घरासमोर दिसणाऱ्या कॉलेजात मला यायचे आहे हे त्या कॉलेजला कळवण्यासाठी तो एसटीने तालुक्याच्या सायबर कॅफेत जाणार. रिकाम्या वर्गाला त्याची गरज, त्याला त्या वर्गाची गरज, आणि मधे 'सर्व्हर बिझी'.

शहरातल्या मुलाची पंचाईत वेगळी. पोर्टलवर एकेका कॉलेजची तीन-चार नावे दिसतात. विज्ञान अनुदानित, विज्ञान विनाअनुदानित, विज्ञान स्वयंअर्थसहाय्यित, पुन्हा माध्यमाप्रमाणे वेगळे, प्रत्येकाचा कोड वेगळा. एकाच मजल्यावर शेजारी शेजारी वर्ग भरतात. एकाची फी शेकड्यांत, दुसऱ्याची हजारांत. 2012 मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला, तेव्हापासून स्वतःच्या खर्चाने वर्ग काढणाऱ्यांना दार उघडले आणि एकवीस लाखांच्या आकड्याला अंग धरू लागले. यातल्या बऱ्याच जागा कुणी मागितल्या म्हणून निघालेल्या नाहीत. इमारत होती, मजला रिकामा होता, संस्थाचालकांना हौस होती. अनुदानित तुकडी मात्र सहजासहजी वाढत नाही, कारण तिच्या शिक्षकाचा पगार सरकारने द्यायचा असतो. पालकाला हवी असते ती हीच तुकडी. बाबांच्या तक्त्यात एक अंक इकडचा तिकडे झाला की मुलगी फीच्या दुसऱ्याच राज्यात जाऊन पडते.

मार्कांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण नियोजनाचा अर्धा घोळ तिथे आहे. 2025 मध्ये 211 मुलांना शंभर टक्के पडले, त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या लातूर विभागातली. मराठीत शंभरपैकी शंभर कसे मिळतात असे जुन्या मास्तरांनी विचारू नये. यात पाच सर्वोत्तम विषयांची बेरीज असते, शिवाय चित्रकला, लोककला, खेळ यांचे वाढीव गुण असतात. या 'बेस्ट फाइव्ह'चीही एक कहाणी आहे आणि ती कोर्टातली आहे.

राज्य मंडळाच्या मुलांना मार्क कमी पडतात, बाहेरच्या मंडळांची मुले येऊन मोठ्या कॉलेजातल्या जागा घेतात, अशी ओरड होती. सरकारने 2008 मध्ये पर्सेंटाईलचे सूत्र आणले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. 2009 मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाला, दहा टक्के बाकीच्यांना असे 90:10 आणले; उच्च न्यायालयाने तेही रद्द केले. 2010 मध्ये बेस्ट फाइव्ह आणले. उच्च न्यायालयाने जूनमध्ये तेही रद्द केले. तीन वर्षांत तीन सूत्रे, तिन्ही बाद. या वेळी मात्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये जिंकून आले. 2021 मध्ये परीक्षेविना 99.95 टक्के निकाल लागला, तेव्हा मुलांमध्ये फरक कसा करायचा म्हणून अकरावीसाठी सीईटी ठरली. परीक्षा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात होती, उच्च न्यायालयाने ती 10 ऑगस्टला रद्द केली. अकरावीचे वेळापत्रक लावताना न्यायालयाच्या तारखांसाठी एक रकाना आधीच सोडून ठेवावा हे बरे. 2025 मध्येही अल्पसंख्याक कॉलेजांतल्या आरक्षणाचा मुद्दा जूनमध्ये तिथे पोहोचलाच.

मधे 2019 मध्ये एक प्रयोग झाला. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे अंतर्गत गुण बंद केले. निकाल आदल्या वर्षीच्या 89 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पालक हवालदिल झाले: बाहेरच्या मंडळांचे मार्क फुगलेले आणि आमच्या मुलांचेच खरे! मार्क खरे असणे हा अन्याय आहे हे सर्वांना एकदम पटले. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्के लागला. मुले एका वर्षात एवढी हुशार झाल्याचे दुसरे उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात सापडणे कठीण.

या सगळ्यातून एकदाची यादी लागते. अलॉटमेंटच्या दिवशी डोंबिवलीच्या घरात पुन्हा लॅपटॉप उघडतो. पहिली पसंती मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे 'अभिनंदन' या शब्दाला इतका घाबरणारा समाज जगात दुसरा नसेल. मामाचे ऐकून पहिल्या नंबरला सहज म्हणून टाकलेले कॉलेज लागले आणि खरे हवे होते ते दुसऱ्या नंबरवर होते, अशी घरे दरवर्षी निघतात. मामा त्या आठवड्यात फोन उचलत नाही.

ज्यांना कॉलेज लागले त्यांचे तरी बाक भरतात का? इथे विज्ञान शाखेतला खरा मजकूर सुरू होतो. जेईई आणि नीटच्या तयारीला बसलेल्या कित्येक मुलांना कॉलेज फक्त कागदावर हवे असते. ती सकाळी क्लासला जातात, दुपारी क्लासला जातात, संध्याकाळी क्लासची टेस्ट देतात. क्लास आणि एखादे कॉलेज यांचे आपसात जमलेले असते. त्याला 'इंटिग्रेटेड' किंवा 'टाय-अप' म्हणतात. हजेरी कॉलेजात लागते, मूल क्लासात असते. हा प्रकार थांबवण्यासाठी सरकारने 2018 मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, औरंगाबाद इथल्या विज्ञानाच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. अंगठा आणायचा तर मागोमाग मूलही येईल, हा त्यामागचा तर्क. क्लासवाल्यांनी ते मनावर घेतले असावे, पण टाय-अप काही गेले नाहीत.

आता नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. एका कॉलेजात जागा 120, अर्ज कित्येक हजार. प्रवेश मिळालेल्यातली अनेक मुले वर्गात येणार नाहीत. दुसऱ्या कॉलेजात जागा तेवढ्याच, अर्ज बेताचे. शिक्षक रोज वेळेवर येऊन खडू हातात घेऊन उभे. पहिल्याच्या भिंती वाढवता येत नाहीत, दुसऱ्याचे नाव वाढवता येत नाही. मग तो बिचारा तेच करतो जे त्याच्या हातात आहे: आणखी एक विशेष फेरी जाहीर करतो. नियमित फेऱ्या संपल्या की 'ओपन फॉर ऑल' येते, त्यानंतर अंतिम विशेष, त्यानंतर अंतिमनंतरची. तोवर पहिल्या यादीतल्या मुलांची पहिली चाचणी झालेली असते.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 5+3+3+4 अशी मांडणी आहे. नववी ते बारावी हा सलग चार वर्षांचा टप्पा. म्हणजे अकरावी पुन्हा शाळेच्या पोटात जाण्याची शक्यता कागदावर तरी आहे. धोरण 2020 चे, पण शहरातल्या जागरूक पालकांनी त्याची वाट पाहिलेली नाही. त्यांना इनहाऊस कोटा आधीच ठाऊक होता. एकाच संस्थेची शाळा आणि ज्युनियर कॉलेज असेल तर त्या शाळेच्या मुलांसाठी दहा टक्के जागा राखीव असतात, हा तो कोटा.

त्यामुळे बालवाडीच्या प्रवेशाला गेलेले जोडपे हल्ली दोन गोष्टी पाहते. पोराचा हात धरून बाप बालवाडीच्या बाईंसमोर बसतो. बाई कौतुकाने सांगतात, आमच्याकडे वाळूची खेळणी आहेत, आठवड्यातून दोनदा गोष्टीचा तास असतो, डब्यात पोळी-भाजीच द्यायची. बाप मान डोलावतो आणि मग जरा पुढे सरकून विचारतो, "ते ठीक आहे, मॅडम. पण अकरावी सायन्स अनुदानित आहे ना?"